विमाननगरला गारा, कर्वेनगरला नुसती धूळ: वळवाचा पाऊस असा का वागतो?

प्रश्न कर्वेनगरच्या एका ताईंचा आहे. मंगळवारी संध्याकाळी विमाननगरात वीसेक मिनिटं गारांसकट पाऊस झाला आणि त्यांच्या नणंदेच्या गच्चीवरच्या कुरडयांचा लगदा झाला. त्याच वेळी कर्वेनगरात थेंब नाही; वारा सुटला, धूळ उडाली, जरा गार वाटलं, संपलं. मोबाइलवर दोघींनाही सकाळपासून '40 टक्के पाऊस' एवढंच दिसत होतं. तर याला शास्त्र म्हणायचं का, उकडलं की पाऊस येतो या म्हणण्यात काही अर्थ आहे का, विमाननगरला झाली ती ढगफुटी होती का, आणि उरलेल्या कुरडया कधी घालाव्यात, असं त्यांनी विचारलंय.

ढगफुटीचं आधी उरकते. वीस मिनिटांच्या वळवाला ढगफुटी म्हणत नाहीत. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच आपल्याकडे तो शब्द वापरायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. नणंदेची गच्ची हजार चौरस फुटांची धरली, तर ढगफुटीत तिच्यावर तासाभरात सव्वानऊ हजार लिटर पाणी पडेल, म्हणजे उन्हाळ्यात सोसायट्या मागवतात तो जवळजवळ एक टँकर. कुरडयांची वाट लावायला दहा-पंधरा मिलिमीटर भरपूर झाले. हल्ली पार्किंगमध्ये पाणी शिरलं की बातमीत 'ढगफुटीसदृश' असं येतं. 'सदृश' हा फार सोयीचा शब्द आहे, त्याला पर्जन्यमापक लागत नाही.

आता उकाड्याकडे वळते, कारण सगळी गोम तिथे आहे.

हवामानाच्या नोंदी आणि अंदाज या कामात माझी 33 वर्षं गेली. त्यातली पहिली काही निरीक्षक म्हणून. निरीक्षकाचं जग म्हणजे हिरवळीवर उभी असलेली, झडपांची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन थेट आत येत नाही. आत दोन थर्मामीटर शेजारीशेजारी, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या फुग्याभोवती मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याची वात खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेली. पाणी डिस्टिल्डच लागतं. नळाचं वापरलं तर फडक्यावर क्षार बसून ते कडक होतं आणि आकडा चुकतो. एका एप्रिलात धुळीमुळे फडकं आठवड्याला दोनदा बदलल्याचं मला आठवतं. या ओल्या थर्मामीटरचं काम एकच, पाण्याचं बाष्प होताना किती गारवा मिळतो ते दाखवणं. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन जोरात आणि आकडा खूप खाली. हवा दमट असेल तर तो कोरड्याच्या मागेमागेच.

तुमच्या घरात हेच यंत्र असतं, त्याला माठ म्हणतात. हवा जितकी गार केल्यावर तिच्यातल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू; बाष्प जास्त तर तोही जास्त. बाहेर 38 अंशांची दुपार आहे आणि हवेचा दवबिंदू 8 अंश आहे, म्हणजे हवा खडखडीत कोरडी आहे, तर ओला थर्मामीटर 19च्या आसपास उतरतो. माठातलं पाणी त्या दिवशी दात शिवशिवतील असं गार लागतं. तीच 38 अंशांची दुपार, पण दवबिंदू 20 असेल, तर ओला थर्मामीटर 25च्या खाली जात नाही. घरातली बाई म्हणते, 'आज माठच गार होईना.' कूलर नुसता दमट वारा फेकतो, कपाळावरचा घाम सुकत नाही. तापमान दोन्ही दिवशी सारखंच, बातम्यांतही 38च सांगणार. पण पहिल्या दिवशी तुम्ही भाजता आणि दुसऱ्या दिवशी शिजता. म्हातारी माणसं 'उकडतंय, पाऊस येणार' म्हणतात ती या दुसऱ्या दिवसाबद्दल, आणि ते बरोबर आहे. उष्णता दोन्ही दिवशी होती. पावसाचा कच्चा माल, म्हणजे बाष्प, फक्त दुसऱ्या दिवशी होतं.

हे बाष्प पुण्यात दोन वाटांनी येतं. एक पश्चिमेची: दुपारनंतर अरबी समुद्रावरचा वारा कोकण ओलांडून घाट चढतो आणि संध्याकाळकडे पुण्यात पोचतो. उन्हाळ्यात साडेपाच-सहाला पश्चिमेच्या खिडकीतून येणारी ती सुखद झुळूक हीच. दुसरी वाट पूर्वेची, बंगालच्या उपसागराकडून दख्खनच्या पठारावरून. एप्रिल-मेमध्ये विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक असा खाली उतरत जाणारा कमी दाबाचा लांबट पट्टा बरेचदा तयार होतो, त्याच्या दोन बाजूंनी वारे वेगवेगळ्या दिशांचे असतात. जिथे दोन वारे समोरासमोर येतात तिथे हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. बातमीदार 'पोषक वातावरण' असं म्हणून मोकळे होतात. त्या दोन शब्दांत हे सगळं कोंबलेलं असतं.

पण मग ताई विचारतील की एप्रिल-मेमध्ये कितीतरी दिवस घामट जातात, तरी रोज कुठे पाऊस पडतो? इथे मी दुधाचं उदाहरण देते. दूध मंद आचेवर ठेवलंय, वर साय धरलीय. खाली दूध तापतंय, पण वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. सायीखाली वाफ कोंडत जाते. एखाद्या ठिकाणी साय फाटते आणि आपण ओट्यापर्यंत पोचायच्या आत दूध उतू जातं. साय पातळ असती तर वाफ थोडीथोडी निघून गेली असती. पुण्याच्या उन्हाळी हवेत अशी साय असते. जमिनीलगत दमट हवा आणि दीड-दोन किलोमीटरवर पठाराच्या आतल्या भागातून आलेली गरम, कोरडी हवा. खालून हवेचा गोळा तापून वर निघतो, पण वर चढणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी गार होते. सायीच्या थरात पोचेपर्यंत तो गोळा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार, म्हणून जड होतो आणि परत खाली बसतो. अशा दिवशी दुपारी कापसाचे छोटे चपटे पुंजके आकाशात दिसतात आणि सहाला विरून जातात. बहुतेक दिवस असेच संपतात.

ही साय अंदाज करणाऱ्याला दिसते कशी? रोज पहाटे साडेपाचला जगभर ठरावीक ठिकाणांहून एकाच वेळी हायड्रोजनचे किंवा हेलियमचे फुगे सोडतात, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा. फुग्याला टांगलेली डबी वर जाता जाता तापमान, आर्द्रता, दाब पाठवत राहते. ते आकडे आम्ही टेफिग्राम नावाच्या तिरक्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने उतरवायचो. आता संगणक उतरवतो, पण मला अजून कागदच समजतो. त्या आलेखात साय म्हणजे एक नाक पुढे आलेलं दिसतं. नाक केवढं आहे त्यावरून ठरतं की आज ऊन 37 अंशांवर थांबलं तर काही होणार नाही, 40ला गेलं तर साय फाटेल. पुण्यातल्या अंदाजाचा एप्रिल-मेमधला निम्मा ताण या नाकापायी असतो. आणि गंमत अशी की साय जितकी चिवट, तितका ती फाटल्यावर होणारा तमाशा मोठा, कारण खाली कोंडलेलं सगळं एकदम सुटतं. चार दिवस नुसतं उकडून पाचव्या दिवशी झाडं पाडणारा पाऊस येतो, तो असा.

साय फाटली की पुढचं काम ढग स्वतःच करतो. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, एका किलो पाण्यामागे सुमारे 25 लाख जूल. या उष्णतेमुळे ढगातली हवा वर जाताना दर किलोमीटरला 10ऐवजी पाच-सहा अंशांनीच गार होते, म्हणून भोवतालापेक्षा उबदार राहते आणि अजून वर जाते. ढगाला ढगाचंच इंधन. याचा आवाका कळावा म्हणून एक हिशेब: दहा चौरस किलोमीटरवर फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढं पाणी तयार होताना सुटलेली उष्णता विजेच्या बिलाच्या भाषेत जवळजवळ 7 कोटी युनिट होते. विमाननगर, खराडी, वडगाव शेरी एवढ्यावर पडलेल्या एका किरकोळ वळवाची ही गोष्ट.

अशा ढगाला पुस्तकात क्युम्युलोनिंबस म्हणतात. वैमानिक आणि आम्ही 'सीबी' म्हणतो. तो बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो, वर त्याला वातावरणाचं छत लागतं आणि तिथे तो लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. पुण्यात बसून दौंड-बारामतीकडची ऐरण उन्हात पांढरीशुभ्र चमकताना दिसते. पावसाळ्याचे ढग घाटाकडून, पश्चिमेकडून येतात. वळवासाठी पुणेकराने पूर्वेकडेही नजर ठेवावी.

ढगाचा तळ किती उंच आहे हे काढायची एक सोपी रीत आहे. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि 125ने गुणा; साधारण तितक्या मीटरवर ढगाचा तळ. मेमधल्या दमट दुपारी 38 वजा 20, म्हणजे 18, गुणिले 125, सव्वादोन किलोमीटर. जुलैत 28 वजा 22, म्हणजे 6, गुणिले 125, साडेसातशे मीटर. आता सिंहगडाची उंची आठवा. गड पुण्याच्या जमिनीपासून साधारण तेवढाच, साडेसातशे मीटर वर आहे. म्हणून जुलैत गडावरचा टीव्हीचा मनोरा ढगात बुडतो आणि आपण धुक्यात भजी खातो. मेचा ढग मात्र एकावर एक तीन सिंहगड रचले तर त्यांच्या माथ्याला टेकेल.

हे तीन सिंहगडांचं अंतरच वादळाचं मूळ आहे. उंच तळातून पाऊस सुटतो, खाली सव्वादोन किलोमीटर तापलेली हवा असते, तिच्यातून येताना थेंब वाटेतच सुकायला लागतात. अनेकदा ढगाखाली करडी झालर लोंबताना दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. थेंब सुकताना माठाचंच तत्त्व लागू होतं: आजूबाजूची हवा गार होते, गार म्हणून जड होते आणि दणकन खाली कोसळते. जमिनीवर आपटल्यावर जाणार कुठे? चहूकडे पसरते. फरशीवर बादलीभर पाणी ओतल्यासारखी. पावसाआधी येणारा सोसाट्याचा वारा, धुळीची भिंत, पत्र्यांचा खडखडाट, तो या पसरणाऱ्या गार हवेचा पुढचा काठ.

या काठाने माझं नाक एकदा चांगलं कापलंय. भाचीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका लॉनवर. बहिणीने चार दिवस आधीपासून विचारून भंडावलं होतं. त्या दिवशी दुपारी तीनला मी आकाश पाहिलं, सकाळचा आलेख मनाशी ताडून पाहिला आणि ठणकावून सांगितलं, 'इथे पाऊस पडणार नाही.' आणि खरंच, पाऊस पडला नाही. सातला रिसेप्शनची रांग लागली होती. पूर्वेकडे लांब वीज लकाकत होती, मी नवऱ्याला म्हणाले, 'ते उरुळीच्या पलीकडे आहे.' सव्वासातला वारा पूर्ण थांबला. मला तिथेच कळायला हवं होतं. मिनिटभराने लॉनच्या पूर्वेच्या कडेची नारळाची झाडं एकदम वाकली आणि मांडवाचं कापड शिडासारखं फुगलं. दोन खांब उखडले, जिलेबीच्या परातीत मूठभर धूळ, व्याहीबुवांचा फेटा शेजारच्या लॉनवर. पाच मिनिटांत हवा इतकी गार झाली की बायका शेले पांघरायला लागल्या. पाऊस वीस किलोमीटरवर पडला, वारा आमच्याकडे आला. बहिणीने नंतर इतकंच विचारलं, 'वारा तुमच्या खात्यात येत नाही का गं?'

ताई, तुमच्याकडे मंगळवारी आलेली धूळ आणि गारवा हा विमाननगरच्या पावसाचाच होता. दोन्ही ठिकाणांत बारा-तेरा किलोमीटरचं अंतर आहे, एवढं ती गार हवा सहज कापते. आणि ती एवढ्यावर थांबत नाही. पसरताना तिचा काठ पुढच्या गरम दमट हवेच्या खाली पाचरीसारखा शिरतो आणि तिला उचलतो. तिथे साय कच्ची असेल तर नवा ढग उभा राहतो. हडपसरच्या ढगातून निघालेल्या हवेने कोंढव्याला ढग उठतो, त्याच्या हवेने कात्रजला. जुना ढग तोवर मेलेला असतो, कारण त्याच्याच गार हवेने त्याचा खालून येणारा गरम पुरवठा तोडलेला असतो. एका साध्या ढगाचं आयुष्य अर्ध्या ते एका तासाचं, रुंदी पाच-दहा किलोमीटर. म्हणजे विमाननगर भिजवून त्याला कर्वेनगरला यायला ना वेळ होता ना ताकद. क्वचित मात्र नवे ढग एकाच जागी एकामागून एक उठत राहतात, आगगाडीचे डबे एकाच स्टेशनावरून जावेत तसे, आणि मग पाणी हाताबाहेर जातं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंतचे लोक विसरलेले नाहीत. काही तासांच्या पावसात वीसपेक्षा जास्त माणसं गेली. त्यात पावसाइतकाच ओढ्याच्या आवळलेल्या गळ्याचाही हात होता, पण तो विषय काढला तर मी थांबणार नाही. (नोंदवहीत तो पाऊस 26 तारखेला दिसतो, कारण पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या नावावर लागतो. जुनी पानं चाळताना पुष्कळांचा यात गोंधळ होतो.)

तर 40 टक्क्यांचा अर्थ काय? आज होती तशा हवेचे दहा दिवस घेतले, तर त्यांतल्या चार दिवशी तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल, असा. शहराच्या 40 टक्के भागात पडेल किंवा दिवसाचा 40 टक्के वेळ पडेल, असं त्यात काही म्हटलेलं नाही. म्हणजे मंगळवारी तुम्ही सहांत गेलात, नणंद चारांत, आणि आकडा दोघींसाठी खराच होता. यावर लोक म्हणतात, ही पळवाट झाली, कसंही झालं तरी तुम्ही बरोबरच. तर नाही. वर्षभराचे सगळे '40 टक्क्यां'चे दिवस एकत्र काढून शंभरात चाळीस वेळा पाऊस झाला का ते तपासता येतं, आणि तपासतात. एका दिवसावरून मात्र असा अंदाज चूक की बरोबर हे ठरवता येत नाही.

नेमकी जागा सकाळी का सांगता येत नाही? संगणकाचं मॉडेल जमिनीवर जाळं टाकतं आणि प्रत्येक चौकोनासाठी हिशेब करतं. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 पासून वापरात आली, तिच्या जाळ्याचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. त्याआधी तो 12चा होता. सुधारणा मोठी आहे. पण सायीला भोक पाडणारा चढता झोत किलोमीटर-दोन किलोमीटर रुंद असतो, तो या जाळ्याच्या डोळ्यातून निसटतो. शिवाय तो कुठे उठणार हे एखाद्या टेकडीच्या तापलेल्या उतारावर, एखाद्या दुसऱ्या ढगाच्या काठावर ठरतं. चुलीवर आधण ठेवलं की दहा मिनिटांत उकळेल हे सांगता येतं. पहिला बुडबुडा बुडाच्या कुठल्या बिंदूतून सुटेल हे नाही. दिवस सांगता येतो, पेठ सांगता येत नाही. पेठ कळते ती ढग उठल्यावर, रडारवर, तासा-दोन तासांच्या अवकाशात. म्हणून सकाळचा अंदाज आणि दुपारनंतर येणारा तीन तासांचा तातडीचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उन्हाळ्यात दुसरी जास्त कामाची.

गारांबद्दल थोडं. मेमध्ये पुण्यावर शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिच्या वर ढगात जे पाणी असतं ते सगळं गोठत नाही. उणे 20, उणे 30 अंशांतही थेंब द्रवच राहतात, काहीतरी टेकायला मिळेपर्यंत. एखादा बर्फाचा कण त्यांच्यात शिरला की ते त्याच्यावर आपटून गोठतात. गार फोडून पाहिलीत तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक पारदर्शक. गार ढगात वरखाली दहा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीचा एक पापुद्रा, असं आम्ही शाळेत शिकलो. एवढ्या फेऱ्यांची गरज नसते. एकाच प्रवासात ती कधी कमी पाण्याच्या, कधी जास्त पाण्याच्या भागातून जाते. थेंब आपटताक्षणी गोठले की हवा अडकून थर दुधी होतो, सावकाश गोठले की काचेसारखा. दोन सेंटिमीटरची, बोराएवढी गार ताशी 60-70 किलोमीटर वेगाने खाली येते. म्हणजे ती वाढेपर्यंत तिला वर तोलून धरणारा झोतही तेवढ्याच वेगाचा असला पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट जास्त नुकसान करते, कारण शून्याची पातळी थोडी खाली असते आणि गारेला वितळायला कमी अंतर मिळतं. त्यात गहू-हरभरा काढणीला आणि द्राक्षं वेलीवर. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात जे झालं ते शेतकऱ्यांना सांगायला नको.

विजेबद्दल ताईंनी विचारलं नाही, पण मी सांगणारच, कारण कुरडया वाचवायला गच्चीवर धावणारी माणसं मी पाहिली आहेत. ढगात साबुदाण्यासारखे मऊ बर्फाचे गोळे आणि बारीक हिमकण एकमेकांवर आपटतात, तेव्हा साधारणपणे गोळ्यांकडे ऋण भार जातो आणि हिमकणांकडे धन. हलके कण वर उडतात, जड गोळे मध्ये-खाली राहतात, आणि ढगाची बॅटरी तयार होते. ही जुनी कोड्याची गोष्ट आहे. जॉर्ज सिम्पसन यांनी शिमल्याला पावसाच्या थेंबांवरचा विद्युतभार मोजून 1909 साली ते प्रसिद्ध केलं. झोतात मोठे थेंब फुटतात तेव्हा भार वेगळे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मुख्य श्रेय बर्फाच्या टकरींना देतात. ज्या हवामान खात्याच्या नोकरीत ते होते, त्याचं कार्यालय 1928 मध्ये पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. रिक्षावाल्यांना यातलं काही सांगून उपयोग नाही, ते नुसतं मान हलवतात.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. पण हा आकडा मोठा आला म्हणून गच्चीवर थांबू नका. ऐरणीतून निघालेली वीज पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, डोक्यावर निळं आकाश असताना पडू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या मोटारीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. झाडाखाली अजिबात नाही. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी मारते आणि जमिनीतूनही पसरते. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून माझ्या एका मामाला लहानपणी पावसात घराबाहेर सोडत नसत. समजूत खुळी, पण परिणाम उत्तम, सगळ्याच पोरांना पायाळू समजावं. पाषाणच्याच संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, जवळ कुठे वीज पडली ते दाखवतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

जून उजाडला, मान्सून स्थिरावला की हा सगळा दणदणाट बंद पडतो. तेव्हा खालपासून वरपर्यंत हवा दमट असते, साय धरतच नाही, ऊन नाही, त्यामुळे कोंडून फुटण्यासारखं काही उरत नाही. ढग घाटावर आपटून लोणावळ्याला वर्षाकाठी 400 सेंटिमीटरच्या वर पाऊस ओततात आणि साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात पोचेपर्यंत उरतो तो 70-75 सेंटिमीटरचा भुरभुरा हिशेब. गडगडाट परत ऐकू येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि चक्रीवादळ हे प्रकरण पूर्ण निराळं. ते समुद्राच्या उबेवर शेकडो किलोमीटर पसरून दिवसच्या दिवस जगतं आणि त्याचा मार्ग दोन-तीन दिवस आधी सांगता येतो. 3 जून 2020ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, त्याचा वारा पुण्यातही झाडं पाडून गेला. आपण दोघांनाही 'वादळ'च म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

आता कुरडया. सकाळी माठातलं पाणी पिऊन बघा. गार असेल, हवा सुकी असेल, तर बिनधास्त घाला. माठ कोमट आणि सकाळपासून चिकचिक असेल, तर फोनवर तापमानाशेजारी दवबिंदूचा आकडा शोधा. आर्द्रतेच्या टक्क्यांकडे बघू नका, ते पहाटे सगळ्याच दिवशी जास्त असतात. दवबिंदू 18च्या पुढे असेल तर घालायच्या त्या सकाळी लवकर, आणि दोन वाजता गच्चीवरून चारी बाजू पाहा. कापसाचे पुंजके रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतील तर साय शाबूत आहे. एखादा पुंजका फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उभा वाढायला लागला आणि त्याच्या कडा धारदार दिसल्या, तर तो कुठल्याही दिशेला का असेना, तीनपर्यंत आवरायला घ्या. नणंदेला सांगा, प्लास्टिक अंथरून फरशीवर घालण्यापेक्षा बाजेवर धोतर टाकून घालत जा. वारा पडला की दोघींनी दोन बाजूंनी बाज उचलायची आणि जिन्यात घ्यायची.